डावीकडे अर्धा मिलिमीटर

—नको, ती नको, ठेवा ती. आहे तिथेच ठेवा. अहो तिथे नाही, जिथून काढलीत तिथे! भिंतीवर पक्कडीच्या आकाराचं काळं चित्र रंगवलंय ना, त्याच्या पोटात पक्कड बसवायची, बालवाडीतलं पोरसुद्धा बसवेल. हां. जमलं. आता सांगा, कपाटाचं बिजागर सैल झालंय, स्क्रू नुसता फिरतो, धरत नाही—असंच ना? मग त्याला पक्कड कशाला? पक्कडीनं स्क्रू पिळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची कपाटंही पाहिली आहेत. काडेपेटीतल्या दोन काड्या घ्या, त्यांचं गूल तोडा, गोंदात बुडवा, भोकात कोंबा, वाळू द्या, मग स्क्रू घाला. झालं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नवीन आलात ते तुम्हीच, नाही का? परवा दिवसभर ड्रिल चालवत होतात ते? ऐकत होतो ना. चौदा भोकं पाडलीत आणि तसबीर एक लावलीत. मला कसं कळलं? चौदा वेळा आवाज आला आणि तसबीर खिडकीतून दिसते. वाकडी आहे.

आणि हे बगलेत काय धरलंय? उघडा, उघडा, लाजू नका. अरे वा, एकशे अठ्ठावीस नगांचा संच! प्रत्येकाला वेगळा खळगा, वर मखमलीसारखं काहीतरी—हत्यारांची पेटी आहे की दागिन्यांची? यातले वापरलेत किती? दोन. वाटलंच. एक स्क्रू पिळायला आणि दुसरा रंगाचा डबा उघडायला. अहो, पेटी म्हणजे हत्यारं पुरायची जागा. झाकण लागलं की आत काय आहे ते माणूस विसरतो आणि बाजारात जाऊन तेच पुन्हा आणतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरात मोजायच्या टेपा निघाल्या सात. सात! आणि सातही जणी निरनिराळं माप सांगत होत्या, गृहस्थ मात्र भिंतीला दोष देत होते. एका कामाला एकच टेप, एवढं तरी लक्षात ठेवा. ज्या टेपनं पहिली रेघ मोजली तिनंच शेवटची मोजायची. ती खोटं बोलत असली तरी निदान सगळीकडे सारखंच खोटं बोलेल.

बसा. त्या स्टुलावर बसा, पुसलेलं आहे. जायची घाई? छे, तुम्हाला कसली घाई, बिजागर कुठे पळून जातंय. घड्याळात दहा वीस झालेत. अकराला माझी मुलगी यायची आहे, तोवर मी मोकळाच आहे, चार गोष्टी सांगतो. हे वर्कशॉप ती घेणार की नाही ते आज सांगणार आहे. तीही सुतारच आहे, नदीपलीकडे गाळा आहे तिचा, चौघी बायका आहेत कामाला, गाळा आता लहान पडतो. मी म्हटलं, हे घे. म्हणाली, “येऊन बघते बाबा, पण नुसती बघायला येते.” घेतलं तर उत्तम, नाही तर महिनाअखेरीला ही भिंत उतरवायची, सगळं भंगारात काढायचं आणि मालकाला किल्ली द्यायची. तो इथे काचेच्या खोल्या करणार म्हणे, लोकांना नुसतं बसून विचार करायला. करू दे.

तर हत्यार भिंतीवर हवं. उघडं, डोळ्यासमोर. रोज लागणारं खांद्यापासून कमरेपर्यंत, आठवड्याला लागणारं त्याच्या वर, आणि वर्षातून एकदा लागणारं—ते शेजाऱ्याकडून मागून आणायचं, तुम्ही आत्ता आलात तसं. जड ते खाली. डोक्याच्या वर हातोडा टांगणाऱ्या माणसाला मी शहाणा म्हणत नाही, आणि एकदा तो पडला की तो स्वतःही म्हणत नाही. पटाश्या टांगायच्या त्या धार भिंतीकडे करून, नाही तर घाईत हात घालाल आणि मग बोटं मोजत बसाल. मुठींना लाल पट्टा मारायचा; लाकडाच्या भुशात लाकडाची मूठ शोधणं म्हणजे दुधात चुना शोधण्यासारखं. करवतीला तेलाचा बोळा, खणात खडूचा तुकडा, म्हणजे दमट हवा तो पितो आणि लोखंड कोरडं राहतं. कानशीच्या दातांवरही आधी खडू घासा, भुगा अडकत नाही. स्क्रूला साबण लावा, लाकडात लोण्यासारखा शिरतो. काय? लिहून घेऊ का म्हणता? घ्या ना. लिहून घेणारी माणसं मला आवडतात, मीही त्यातलाच. करत काही नाहीत, पण अक्षर सुधारतं.

आणि ही चित्रं. ही माझी अक्कल. प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढली आणि आत काळा रंग भरला. संध्याकाळी दार लावताना एक नजर टाकायची, काळं दिसलं की ते हत्यार जागेवर नाही. मग ज्यानं नेलं त्याला हाक. हाक म्हणजे काय—आमची ही म्हणते, तुमची हाक ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा खिसे चाचपतात. असेल. पण बत्तीस वर्षांत एक पटाशी हरवली नाही. एका हत्याराला एक जागा, एका जागेला एक हत्यार, जोडीला दुसरं आणायचं नाही. काटकोन मापायचे दोन गुण्ये असले की दोघांपैकी कोणाचा काटकोन खरा यावर भांडणं होतात. एकच असला की तोच खरा, वाद मिटला.

हाताकडे काय बघताय? हो, उजवा आहे. विचारा की सरळ, तिरक्या नजरेनं कशाला बघायचं. नाही, मशीननं नाही. बत्तीस वर्षं गोल करवतीच्या पात्याशी खेळलो, नखाला ओरखडा नाही, आणि मनगट मोडलं कुठे? न्हाणीघरात. साबणावर. जो स्क्रूला लावतो तोच साबण, हसा, हसा, डॉक्टरही हसला होता. हाड बसलं, पण अंगठा आणि हे बोट आता एकमेकांशी बोलत नाहीत. कप धरता येतो, पटाशी धरता येत नाही. चार महिने झाले. हातातलं काम दुसऱ्यांना देऊन टाकलं, दोन कारागीर होते ते गेले, त्यांनी तरी रिकामं किती दिवस बसायचं.

मग मी म्हटलं, डाव्यानं करू. एवढी अक्कल आहे, एवढ्या वह्या भरून ठेवल्यात, डावा हात काय मोठा तीर मारणार आहे! उठा जरा, मजा दाखवतो. इथे उभे राहा, टेबलाशी, आणि डाव्या हातानं रंधा घ्या भिंतीवरचा. घ्या. बघा, स्वतःच्याच पोटावरून हात न्यावा लागला की नाही? आता करवत. अडकलं ना कोपर टेबलाच्या शिकंज्यात? माझं पण अडकतं. दिव्याचा उजेड डावीकडून येतो, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. छान योजना. आता डाव्यात हत्यार घ्या, सगळी सावली बरोब्बर रेघेवर. मी तीन दिवस इथे स्वतःच्याच टेबलाशी कुस्ती खेळलो आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की ही भिंत, जिचं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगतो, ती निम्म्या माणसाचीच आहे. उजव्या निम्म्याची.

तशी डावखुरी माझी मुलगी. बसा आता. हो, तीच, अकराला येणारी. कॉलेज संपवून आपणहून आली होती या कामात, मी बोलावली नव्हती, वीस वर्षांची होती. पाच वर्षं होती इथे. हात चांगला, नजर चांगली, एक खोट—रेघ चुकायची. थोडीच, अर्धा मिलिमीटर. आता तुमच्या तसबिरीच्या हिशेबानं अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण खणाच्या सांध्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे खण डुलतो. एकदा नाही, दोनदा नाही, सारखं. आणि मी कसा आहे ते एव्हाना तुम्हाला दिसलंच असेल. तुम्ही येऊन पाव तास झाला नाही, तुमची पेटी, तसबीर, पक्कड सगळं झालं माझं धुऊन. ती तर रोजच्या रोज समोर.

नाव ठेवलं होतं मी तिला. अर्धा मिलिमीटरबाई. सकाळी आली की म्हणायचो, “आल्या का आमच्या अर्धा मिलिमीटरबाई?” कारागीर हसायचे. तीसुद्धा हसायची, सुरुवातीला. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी बारा खणांचं कपाट सांगितलं होतं, ते तिनं एकटीनं केलं, दीड महिना खपून. बाई न्यायला आल्या तेव्हा मी एक खण बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यावर बोटानं दाबला. टक-टक, टक-टक. डुलला. म्हटलं, “बाई, बघा, खणाबरोबर पाळणा फुकट!” बाई हसल्या, बिचाऱ्या भिडस्त होत्या. कारागीर हसले. मुलीनं हातातलं फडकं घडी करून—चार घड्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून—टेबलावर ठेवलं आणि गेली. मला वाटलं जेवायला गेली. बाई म्हणाल्या, चांगलं आहे हो कपाट, मला चालेल. मी म्हटलं, तुम्हाला चालेल, मला नाही चालत. काय पण बाणा! ती परत आली ती सहा महिन्यांनी, आईला भेटायला, घरी. इथे नाहीच. चौदा वर्षं झाली. घरी येते, बोलते, माझ्या औषधांचं विचारते, वर्कशॉपचं नाव निघालं की भांडी आवरायला उठते.

तर मी काय सांगत होतो—डावा हात. तीन आठवड्यांपूर्वी म्हटलं, निदान आखणी तरी करू, आखायला जोर लागत नाही. लाकडावर पेन्सिलनं नाही आखायचं, सुरीनं आखायचं. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या नसते. ही बघा सुरी. माझ्या उस्तादांची, त्यांच्या मागे मला मिळाली. वर्कशॉपात एकच. गुण्या लाकडावर धरायचा, सुरी त्याच्या कडेला टेकवायची आणि ओढायची. ओढली. रेघ बघितली, बाहेर! डावीकडे. अर्धा मिलिमीटर. म्हटलं, हात नवा आहे. पुन्हा ओढली, पुन्हा तेवढीच. दहा वेळा ओढली. दहाही वेळा डावीकडे अर्धा. हात बावळट असता तर एकदा इकडे गेला असता, एकदा तिकडे. बावळटपणाला दिशा नसते हो.

हिची धार बघा, हात लावू नका, नुसती बघा. एक अंग सपाट, दुसऱ्या अंगाला उतार. सपाट अंग गुण्याला चिकटून चालतं, म्हणून रेघ बरोबर कडेशी पडते. उजव्या हातात. डाव्या हाताच्या माणसाला गुण्या दुसऱ्या बाजूला धरावा लागतो, मग गुण्याला लागतो तो उतार, आणि उतार पात्याला कडेपासून ढकलतो. किती ढकलतो? सांगा, तुम्हीच सांगा, एवढं बसून ऐकलंत. बरोबर.

मी काय केलं माहीत आहे? जुन्या वह्या काढल्या. मला सवय आहे, रोज संध्याकाळी लिहितो—काय केलं, काय बिघडलं, कुणाच्या हातून, किती, कुठल्या बाजूला. कुणी शिकवलं नाही, आपलं आपणच. तिच्या पाच वर्षांच्या पाच वह्या. बोट ठेवून वाचत गेलो. स्टूल, पाय, रेघ चुकली, डावीकडे अर्धा. आरशाची चौकट, डावीकडे अर्धा. खण, डावीकडे अर्धा. एक्केचाळीस नोंदी, साहेब. एक्केचाळीस वेळा मी माझ्या हातानं, माझ्या सुरेख अक्षरात “डावीकडे” लिहिलंय, खाली दोन ठिकाणी रेघही मारली आहे, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे सगळं एकाच बाजूला का? एका ठिकाणी तर लिहिलंय, “हिला शिस्त नाही.” अहो, एवढ्या शिस्तीत चुकणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही!

आमच्या हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. म्हणाली, “मला काय सांगताय? भिंतीवर एवढी चित्रं काढलीत, एक स्वतःच्या कानाचं काढायचं होतं. रोज काळं दिसलं असतं.” अशी आहे ती. तुम्हाला वाटलं असेल, या घरात टोचून बोलणारा मी एकटाच.

फोन केला मी. तीन वेळा केला. पहिल्यांदा पॉलिशचा भाव विचारला. दुसऱ्यांदा तिच्या गाळ्यात ओल येते का ते विचारलं. तिसऱ्यांदा म्हटलं, वर्कशॉप घे. त्याच वेळी सांगायला हवं होतं, सगळं तोंडाशी आलं होतं, पण फोनवर काय, दोघांच्या कानात राहिलं असतं ते. आणि समजा तिनं आज नाही म्हटलं, तर मी म्हणणार सुरीचं? मग ते ‘घे ना, घे ना’ म्हटल्यासारखं होईल. आणि हो म्हटल्यावर सांगितलं तर काय अर्थ, काम झाल्यावर गोड बोलल्यासारखं. आधी सांगायला हवं. ती आत आल्या आल्या, भिंतीकडे बघायच्या आधी.

चाललात कुठे? बसा म्हटलं ना. गोंद पण देतो, बाटलीच देतो. अहो, बसा. तुम्हाला काय वाटलं, अर्धा तास मी तुम्हाला खडू आणि साबणाचं पुराण का सांगतोय? तुमच्या कपाटाच्या प्रेमापोटी? मी चारचौघांत हसलो तिला. मुख्याध्यापिकाबाईंसमोर, कारागिरांसमोर, सामान पोचवायला आलेल्या टेम्पोवाल्यासमोर. मग आता माफी काय कोपऱ्यात तोंड घालून मागायची? चारचौघं हवीत. सकाळपासून दार उघडं टाकून बसलोय, बाकी कुणी फिरकलं नाही. तुम्ही एक मिळालात. पक्कडीनं स्क्रू पिळणारा का होईना, माणूस आहात, कान आहेत. काही बोलायचं नाही, नुसतं तिथे बसायचं. आणि हसायचं नाही. मला हसू आलं तरी तुम्ही हसायचं नाही—मला येतं कधी कधी, नको तेव्हा, मनातलं बोलायची वेळ आली की मी थट्टाच करतो, ही जुनी—

थांबा. स्कूटर. अकरा कुठे झालेत अजून, दहा मिनिटं आहेत. ही नेहमी लवकर. हो, तिचीच.

—ये. ये ना आत. हे समोरच्या इमारतीतले, बिजागराचं विचारायला आलेत. बस. नको? बरं, उभी राहा, मीही उभाच आहे. पिशवी तरी ठेव. राहू दे, राहू दे खांद्यावर. भिंतीकडे नंतर बघ, आधी इकडे, माझ्याकडे. ऐक. ती आखायची सुरी एका अंगानं घासलेली आहे. डाव्या हाताला ती चालत नाही, रेघ ढकलते. डावीकडे अर्धा मिलिमीटर. मी करून बघितलं. तुझा हात बरोबर होता. एक्केचाळीस वेळा बरोबर होता. चूक सुरीची होती, म्हणजे माझी होती, आणि मी लोकांना हसवलं. हे या गृहस्थांसमोर सांगतोय. झालं, एवढंच होतं.



काय? माहीत होतं? तुला माहीत होतं? कधीपासून? पहिल्याच महिन्यापासून! अगं मग पाच वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं, एकदा बोलायचं तरी—

सांगितलं होतंस? मला? कधी?

कुठली दुसरी सुरी?

हिरव्या मुठीची. हां. होती. होती अशी एक, कुणीतरी उलटी घासून ठेवली होती, मी म्हटलं कुणाचा हा शहाणपणा... तू आणलीस ती. स्वतः घासून आणलीस. आणि मला दाखवलीस. मी म्हणालो—नको, तू नको सांगू, आठवतंय. “आमच्या कन्येला धार लावायचीसुद्धा उलटीच सुचते.” तो काचवाला होता तेव्हा, आरसा द्यायला आलेला. हसला तो. मग मी ती दगडावर घेतली. त्याच्याशी गप्पा मारत मारत घासली, दहा-पंधरा मिनिटं, आणि सुलटी करून दिली. तुझ्या हातात दिली.

आणि तू त्याच सुरीनं... नाही. ती नाही. एका जागेला एक हत्यार. ती नंतर मी विकून टाकली, आणि तुझ्या हातात पुन्हा उस्तादांचीच.

हे वहीत नाही माझ्या. हे मी लिहिलेलंच नाही.

अहो, तुम्ही काय ऐकताय अजून? झालं तुमचं काम. निघा. गोंद घ्या, ती पेटी घ्या आणि निघा. नाही, आता नाही काही सांगायचं मला, उद्या या, परवा या. पिशवी खाली ठेवली तिनं, बघितलंत ना, मग जा. ती पाठ करून उभी आहे, भिंतीकडे बघतेय, इथून मला तिचं तोंड दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तिथून. नको—सांगू नका मला. जा.